लवकर निवृत्तीचे वय वाढले तर उतारवयातील नोकरदारांचे काय होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षे हिशेबाच्या टेबलावर काढली. निवृत्तीनंतर खेड-चिपळूण परिसरातील कामगारांना पेन्शनचे अर्ज भरून देण्याचे काम करतो. अर्ज भरता भरता हेच प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र लिहिली आहेत. परदेशांतील अनुभवाचा आधार घ्यावा लागला, कारण लवकर पेन्शन घेण्याचे वय सरकारने वाढवले आणि त्याचा नोकऱ्यांवर झालेला परिणाम नीट मोजला गेला, असे प्रामुख्याने तिकडेच घडले आहे.

‘लवकर निवृत्तीचे वय’ म्हणजे नेमके कोणते वय?

आपल्याकडे ‘रिटायरमेंटचे वय’ म्हणताना तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिले म्हणजे नियत वयोमान, ज्या दिवशी मालक किंवा सरकार तुम्हाला निरोपाचा नारळ देते. दुसरे पूर्ण पेन्शन सुरू होण्याचे वय. तिसरे, आणि या लेखाचा विषय असलेले, म्हणजे कमी रक्कम स्वीकारून का होईना, पेन्शन सुरू करून घेता येते असे सर्वांत लवकरचे वय. पहिले वय वाढले तर माणसाला नोकरीत राहण्याची मुभा मिळते. तिसरे वाढले तर नोकरीतून बाहेर पडण्याची एक वाट काही वर्षांसाठी बंद होते. या दोन बदलांचे परिणाम बरेचसे वेगळे असतात, तरीही वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत दोन्हींना ‘निवृत्तीचे वय वाढले’ असेच म्हटले जाते.

भारतात ही वये किती आहेत?

खाजगी कारखान्यातील बहुतेक कायम कामगारांना कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ लागू असते. तिलाच ईपीएस-९५ म्हणतात. तिच्यात पूर्ण पेन्शनचे वय ५८ आहे. किमान १० वर्षांची सेवा असेल आणि नोकरी सुटली असेल, तर ५० वर्षे पूर्ण झाल्यावर मुदतपूर्व पेन्शन घेता येते, परंतु ५८ ला जितकी वर्षे कमी पडतात त्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते. २००८ पूर्वी ही कपात ३ टक्के होती. उलट, २०१६ च्या दुरुस्तीनुसार ५८ नंतर दोन वर्षांपर्यंत पेन्शन लांबवली तर दरवर्षी ४ टक्के वाढ मिळते.

महाराष्ट्र शासनाच्या बहुतांश कर्मचाऱ्यांचे नियत वयोमान ५८, तर गट ‘ड’ मधील कर्मचाऱ्यांचे ६० आहे. केंद्र सरकारने १९९८ मध्ये ते ५८ वरून ६० केले. शासकीय सेवेत २० वर्षांच्या अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या, सेवेनंतर स्वेच्छानिवृत्तीची वाट असते.

लवकर निवृत्तीचे वय वाढवले की अधिक लोक नोकरीत राहतात का?

राहतात, परंतु वाट बंद झालेल्यांपैकी सर्वजण राहत नाहीत, आणि काही ठिकाणी तर निम्मेही राहत नाहीत. या बाबतीत ऑस्ट्रियाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तिथे २००० आणि २००३ मध्ये दोन सुधारणा झाल्या आणि लवकर निवृत्तीचे वय, जन्माच्या तिमाहीनुसार पायरी-पायरीने, पुरुषांसाठी ६० वरून ६२ पर्यंत व स्त्रियांसाठी ५५ वरून सव्वाअठ्ठावन्नपर्यंत नेण्यात आले. पायऱ्या जन्मतारखेवर ठरलेल्या असल्यामुळे थोड्या महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या, बाकी सर्व बाबतींत सारख्या असलेल्या माणसांची तुलना करता आली. अर्थशास्त्रज्ञ श्टेफान श्टाउब्ली आणि योजेफ त्स्वायम्युलर यांनी ती केली. बदलाची झळ पोचलेल्या वयोगटात नोकरीत असलेल्या पुरुषांचे प्रमाण शंभरामागे ९.७५ ने आणि स्त्रियांचे ११ ने वाढले, असे त्यांना आढळले.

एवढेच वाचले तर योजना यशस्वी झाली असे वाटेल. मात्र त्याच तुलनेत बेरोजगार म्हणून नोंद झालेल्यांचे प्रमाणही पुरुषांत शंभरामागे १२.५ ने आणि स्त्रियांत ११.८ ने वाढले. म्हणजे ज्यांची लवकर निवृत्तीची वाट अडली, त्यांच्यातले नोकरीत टिकले त्यांहून थोडे अधिकच बेकारभत्त्याच्या रांगेत उभे राहिले. अपंगत्वाच्या पेन्शनकडे वळणाऱ्यांची वाढ मात्र नगण्य होती.

ते लोक बेकार का झाले? वय वाढल्यामुळे त्यांना कामावरून काढले का?

यात दोन प्रकारची माणसे असतात. पहिल्या प्रकारातील माणसाची नोकरी वय वाढण्याच्या आधीच गेलेली असते. पूर्वी तो साठीला थेट पेन्शनमध्ये गेला असता, आता आणखी दोन वर्षे बेरोजगार म्हणूनच मोजला जातो. दुसऱ्या प्रकारातील माणूस नोकरीत असतो, पण त्याला आणि मालकाला दोघांनाही निरोप हवा असतो. पेन्शनची दारे बंद दिसली की मधली वर्षे बेकारभत्त्यावर काढून पुढे पेन्शन गाठायची, असा मार्ग निवडला जातो. ऑस्ट्रियात दीर्घ सेवेच्या प्रौढ कामगाराला साधारण वर्षभर, निव्वळ पगाराच्या सुमारे ५५ टक्के भत्ता आणि नंतरही गरजेनुसार साहाय्य मिळत असल्याने हा पूल ओलांडता येण्यासारखा होता.

माझ्या मते या सगळ्या संशोधनातील कळीची गोष्ट हीच आहे की वय वाढवल्याने असलेली नोकरी काही जणांच्या हातून सुटत नाही, पण गेलेली नोकरी जवळजवळ कोणालाच परत मिळत नाही. सत्तावन्नाव्या वर्षी मुलाखतीला गेलेल्या माणसाकडे बघण्याची मालकाची नजर कायद्याने बदलत नाही.

सगळ्याच देशांत असे घडले का?

जर्मनीचा अनुभव याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवतो. तिथे स्त्रियांसाठी ६० व्या वर्षी सुरू होणारी एक स्वतंत्र पेन्शन होती. १ जानेवारी १९५२ पासून पुढे जन्मलेल्या स्त्रियांसाठी ती रद्द झाली. त्यामुळे १९५१ च्या डिसेंबरात जन्मलेली बाई साठीला निवृत्त होऊ शकत होती, तर तिच्याहून एका महिन्याने लहान असलेल्या बाईला बहुधा ६३ पर्यंत थांबावे लागले. तिथे ज्या नोकरीत होत्या त्या बहुतांशी नोकरीत राहिल्या आणि ज्या बेकार होत्या त्या बेकारच राहिल्या. नोकरीतून बेकारीत अशी मोठी सरक दिसली नाही.

ब्रिटनमध्ये सरकारी पेन्शन ठरलेल्या वयापूर्वी घेताच येत नाही, त्यामुळे तिथे ‘सर्वांत लवकरचे’ आणि ‘पूर्ण’ वय एकच असते. स्त्रियांसाठीचे ६० हे वय २०१० पासून हळूहळू वाढवत नेले. पहिल्या एका वर्षाच्या वाढीने साठीतील स्त्रियांचे नोकरीतील प्रमाण शंभरामागे सुमारे ७ ने वाढले. पुढे स्त्री-पुरुष दोघांचेही वय ६५ वरून ६६ झाले, तेव्हा ६५ वर्षांच्या माणसांतील दारिद्र्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. नोकरीचे आकडे मांडताना हा दुसरा आकडा सोबत ठेवला नाही तर चित्र अर्धेच राहते.

कोणाला झेपते आणि कोणाला नाही?

ऑस्ट्रियातील अभ्यासात याचे उत्तर स्वच्छ आहे. अधिक पगाराचे आणि धडधाकट लोक नोकरीत राहिले. कमी पगाराचे आणि प्रकृतीने खालावलेले लोक पूर्वीसारखेच अपंगत्वाच्या पेन्शनमार्गे बाहेर पडत राहिले किंवा बेकारभत्त्यावर दिवस काढू लागले.

आमच्याकडील रासायनिक कारखान्यात जो रोज नाइट शिफ्टला रिॲक्टरजवळ उभा राहिला आणि पंचवीस वर्षे पिंपे ढकलली, त्याची पंचावन्नी आणि माझ्यासारख्या वातानुकूलित खोलीत बसून व्हाउचर तपासणाऱ्याची पंचावन्नी सारखी नसते. हजेरीपटावर दोघांचीही जन्मतारीख एकाच वर्षाची असली तरी पाठीचा कणा आणि फुप्फुसे वेगळ्या वयाची असतात. सर्वांसाठी एकच वय वाढवणारा नियम हा फरक पाहू शकत नाही, ही त्याची मूळ अडचण आहे.

कोकणात बेकारभत्ता नाही. मग इथे लोक कोणत्या आडवाटेने जातील?

आपल्याकडे बेकारभत्त्याला सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे राज्य कामगार विमा महामंडळाची अटल विमित व्यक्ती कल्याण योजना. पात्र ठरल्यास तिच्यात सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस आणि तीही आयुष्यात एकदाच मिळते. तीन महिन्यांत तीन वर्षांचा पूल बांधता येत नाही. ईपीएस-९५ मध्ये अपंगत्वाची पेन्शन आहे, पण त्यासाठी कायमचे आणि पूर्ण अपंगत्व लागते. गुडघे गेले, दमा जडला, एवढ्याने ती मिळत नाही.

त्यामुळे इथला भार सरकारी खात्यात न दिसता घरावर पडतो. पन्नाशीत नोकरी गेलेला माणूस आधी ठेकेदाराकडे त्याच कारखान्यात, त्याच कामावर, कमी पगाराने जातो. ते जमले नाही तर गावी येतो. वाडवडिलांची आंब्याची चार-दोन कलमे असतील तर फवारणी, राखण, काढणी असे हंगामी काम असते, मात्र मोहर धरल्यापासून मेअखेरीपर्यंतच. पावसाळ्यात भातलावणी, एरवी मुंबईतल्या मुलाने पाठवलेले पैसे. सरकारी भाषेत हा माणूस बेरोजगार नसतो, ‘शेती करतो’ असे लिहिले जाते. म्हणूनच ऑस्ट्रियातील १२.५ हा आकडा इथे कधी दिसणार नाही. तो आकडा इथे कलमांच्या सावलीत लपून बसेल.

कोकणाला हा अनुभव नवा नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि त्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गातले चाकरमानी फार मोठ्या संख्येने होते. त्यांतील जे तेव्हा पंचेचाळीस-पन्नाशीत होते, त्यांच्यापैकी कितीतरी जण गावी परतले ते कायमचेच. तरुण होते त्यांनी दुसरे काहीतरी शोधले. वयाने नोकरी परत न मिळण्याची गोष्ट आमच्या वाड्यांना अर्थशास्त्राच्या आधीपासून ठाऊक आहे.

ईपीएस-९५ चे ५० हे वय उद्या ५५ केले, तर किती फरक पडेल?

रकमेकडे पाहिले तर फरक लहान वाटतो, कारण पेन्शनच लहान असते. तिचे सूत्र असे आहे: पेन्शनयोग्य वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. सप्टेंबर २०१४ मध्ये वेतनमर्यादा १५,००० रुपये ठरली. सूत्र समजावे एवढ्यापुरते १५,००० वेतन आणि १४ वर्षे सेवा धरली तर ५८ व्या वर्षी महिना ३,००० रुपये येतात, ५७ ला घेतली तर २,८८० आणि ५९ पर्यंत थांबल्यास ३,१२०. एवढ्या रकमेसाठी चालू नोकरी कोणी सोडत नाही. त्यामुळे इथे ५० ला पेन्शन घेणारे बहुतेक जण असे असतात की ज्यांची नोकरी आधीच गेलेली आहे, आणि पेन्शन ही त्यांनी नोकरीऐवजी निवडलेली गोष्ट नसते.

यावरून माझा अंदाज असा की असा बदल झाल्यास कारखान्यांच्या हजेरीपटावर फार थोडी नावे वाढतील. वाढेल ती नोकरीही नाही आणि पेन्शनही नाही अशी पाच वर्षे काढणाऱ्यांची संख्या. ऑस्ट्रियात पेन्शन पगाराच्या इतकी जवळ होती की ती मिळणार म्हणून माणूस नोकरी सोडत असे. म्हणूनच तिथे वाट बंद केल्यावर निदान काही जण तरी थांबले.

मग पन्नाशीत कपातीची पेन्शन घ्यावी की थांबावे?

दुसरे कोणतेही उत्पन्न असेल तर थांबावे, असे मी सहसा सुचवतो, कारण कपात एकदा झाली की ५८ नंतरही तीच कमी रक्कम जन्मभर चालू राहते. परंतु घरात औषधोपचार किंवा कर्जाचा हप्ता असेल तर हा सल्ला देणाऱ्याने आपल्या खिशात हात घालण्याची तयारी ठेवावी.

वयस्क माणसे नोकरीत अडकून राहिली तर तरुणांना नोकऱ्या कशा मिळणार?

नोकऱ्यांची संख्या ठरलेली असते आणि म्हातारा उठला की तरुण बसतो, हे गणित देशाच्या पातळीवर खरे ठरत नाही. अनेक देशांच्या तुलनेत वयस्कांचे काम वाढले म्हणून तरुणांचे घटले असे सर्वसाधारण नाते आढळलेले नाही. मात्र एका कारखान्याच्या फाटकाच्या आत गोष्ट वेगळी असू शकते. इटलीत २०११ मध्ये निवृत्तीच्या अटी अचानक कडक झाल्या, तेव्हा ज्या कंपन्यांत निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे अधिक लोक अडकून राहिले त्यांनी तरुणांची भरती अधिक कमी केली, असे टीटो बोएरी व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. बदल अचानक झाला की मालकाला जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही, हे त्यामागचे एक कारण असावे.

कोकणात या प्रश्नाला आणखी एक वळण आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात वाढण्याऐवजी घटली आणि दोन्हीकडे पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक आहे, कारण कामाच्या वयाचे पुरुष मुंबई-पुण्याला असतात. इथल्या तरुणाची खुर्ची म्हाताऱ्याने अडवलेली नाही. ती खुर्ची मुळात इथे नाहीच.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे वय ५८ वरून ६० झाले तर तो हाच प्रकार होईल का?

नाही. तो नियत वयोमानातील बदल असेल. अशा कर्मचाऱ्याच्या हातात नोकरी आहे आणि ती त्याला दोन वर्षे अधिक ठेवता येईल. ज्याला जायचे आहे त्याच्यासाठी स्वेच्छानिवृत्तीची वाट खुली राहील. त्यात बेरोजगारीत ढकलले जाण्याचा धोका जवळपास नाही. बढतीची वाट पाहणारे आणि भरतीची तयारी करणारे यांचा रोष असेल, आणि तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही, कारण शासकीय पदे खरोखरच मोजून मंजूर केलेली असतात.

स्त्रियांवर परिणाम वेगळा होतो का?

होतो. स्त्रियांच्या सेवेत बाळंतपणे, सासू-सासऱ्यांची आजारपणे आणि बदलीच्या गावी न जाता आल्याने पडलेले खंड असतात. सिंधुदुर्गातील काजू कारखान्यांत बी फोडणाऱ्या आणि सोलणाऱ्या बायकांपैकी अनेकींच्या पीएफ खात्यात एकूण दहा वर्षे जमतच नाहीत, म्हणून ‘मुदतपूर्व पेन्शन’ हा शब्द त्यांच्या आयुष्यात येत नाही. वय ५० असो की ५५, त्यांची अडचण दहा वर्षांच्या अटीपाशीच सुरू होते.

मासेमार, खलाशी, बागेतील गडी यांचे काय?

त्यांना निवृत्तीचे वयच नाही. शरीर थकले की जाळे खाली ठेवायचे. राज्याची श्रावणबाळ योजना गरजू वृद्धांसाठी ६५ व्या वर्षापासून लागू होते आणि २०२३ पासून तिची रक्कम महिना १,५०० रुपये आहे.

वय वाढवायचेच असेल तर कमी त्रासाचा मार्ग आहे का?

इतर देशांनी काही उपाय केले आहेत. ऑस्ट्रियाने फार दीर्घ सेवा झालेल्यांना, म्हणजे पुरुषांत ४५ आणि स्त्रियांत ४० वर्षे वर्गणी भरलेल्यांना, वाढीतून सूट दिली होती. डेन्मार्कने २०२० मध्ये कायदा करून कोवळ्या वयात कामाला लागलेल्यांना एक ते तीन वर्षे आधी बाहेर पडण्याचा हक्क दिला. ६१ व्या वर्षापर्यंत ४४ वर्षे काम झालेल्याला त्यात पूर्ण तीन वर्षे मिळतात. यामागचा विचार मला पटतो, कारण सोळाव्या वर्षी कामाला लागलेला आणि पंचविसाव्या वर्षी पदवी घेऊन आलेला यांना जन्मतारखेऐवजी घामाच्या वर्षांनी मोजले जाते.

नॉर्वेने २०११ मध्ये उलट दिशा धरली. पेन्शन ६२ पासून घेण्याची मोकळीक दिली, लवकर घेतल्यास रक्कम त्या हिशेबाने कमी केली आणि पेन्शन घेऊनही पूर्ण पगारावर काम करू दिले. पूर्वी ज्यांच्या पेन्शनमधून कमाईपोटी कपात होत असे, त्यांच्यात ती अट गेल्यावर काम वाढले. आपल्या ईपीएस-९५ मध्ये ५८ नंतर पेन्शन आणि पगार एकत्र घेता येतात. त्याआधी मात्र मुदतपूर्व पेन्शन हवी तर पीएफ लागू असलेली नोकरी नसावी लागते. परिणामी पन्नाशीतला माणूस पेन्शनसोबत काम करतोच, फक्त ते नोंदीबाहेर, ठेकेदाराच्या वहीत असते.

सरकारचे पैसे खरेच वाचतात का?

वाचतात, पण कागदावर दिसतात तितके नाही. ऑस्ट्रियात बेकारभत्त्याचा वाढलेला खर्च वजा करून आणि वाढलेला कर जमेस धरून काढलेला हिशेब असा आहे: एका जन्मवर्षाच्या गटासाठी लवकर निवृत्तीचे वय एका वर्षाने वाढले की त्या संपूर्ण गटामागे निव्वळ बचत पुरुषांच्या बाबतीत १०.७ कोटी आणि स्त्रियांच्या बाबतीत १२.२ कोटी युरो होते.

पन्नास ते अठ्ठावन्नच्या दरम्यान नोकरी गेली तर सर्वांत आधी काय पाहावे?

सेवेची एकूण वर्षे दहा भरतात का, ते पाहावे. पूर्वीच्या कंपनीचे खाते नव्या खात्याला जोडले नसेल तर वर्षे कमी दिसतात. दहा भरत असतील आणि लगेच पेन्शन नको असेल तर अर्ज क्रमांक १०-सी भरून योजना प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे पुढे नोकरी लागल्यास जुनी सेवा जोडली जाते. पेन्शनच हवी असेल तर अर्ज १०-डी. त्याआधी शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि पीएफ खाते या तिन्ही ठिकाणची जन्मतारीख जुळते का, हे ताडून पाहावे. आमच्या भागात शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहिलेली माणसे पुष्कळ आहेत आणि माझ्याकडे परत आलेल्या अर्जांपैकी सर्वाधिक याच एका तारखेपायी परत आलेले आहेत.